गवंड्याचा गुण्या आणि बंद दार

(उरुण-इस्लामपूर येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत ‘फ्रीमेसन मंडळी आणि विद्येचें दार’ या विषयावर झालेलें भाषण)



आजचा विषय ऐकून कित्येकांस नवल वाटेल. उसाचा दर, पाणीपट्टी, सोसायटीचें कर्ज, पोरांची फी हीं आपल्या घरचीं गाऱ्हाणीं बाजूस ठेवून फ्रीमेसन नांवाच्या साहेबी मंडळीची उठाठेव आम्हांस कशाला, असें कोणी म्हणेल. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, ही उठाठेव आम्ही हौसेनें केली नाहीं. ती आमच्या दारांत चालून आली.

गोष्ट अशी घडली. आमच्या ओळखीच्या एका गवंड्याची मुलगी नववींत गेली. शहरांतील कांहीं धर्मादाय गृहस्थांकडून गरीब मुलांसाठीं वह्यापुस्तकांच्या पेट्या आल्या, त्यांतली एक तिला मिळाली. पेटीवर एक खूण छापलेली होती: खालीं गुण्या आणि वर उघडलेला कंपास. शेजारच्या एका पोरानें मोबाईल काढला आणि सांगितलें, “ही फ्रीमेसनची खूण आहे. हे लोक सैतान पुजतात. यांचें जो घेईल तो यांचा बांधील होतो.” आई घाबरली. पेटी होती तशी परत गेली, आणि मुलगी आठ दिवस वह्यांवांचून घरीं बसली.

आम्ही त्या घरीं गेलों तेव्हां आम्हांस काय दिसलें? ज्या खुणेला भिऊन पेटी परत गेली, तो गुण्या त्याच घराच्या भिंतीवर खुंटीला टांगलेला होता! बाप रोज तो हातीं घेतो आणि त्याच्यावर घर चालवितो. मुलीच्या दप्तरांतल्या कंपासपेटींतही गुण्या आणि कंपास होताच. आपल्याच हत्याराला आपणच भूत समजावें, यासारखी दैना दुसरी कोणती? म्हणून आज या विषयाचा उलगडा करावयाचा आम्ही विचार केला.

‘मेसन’ म्हणजे गवंडी किंवा पाथरवट. ‘फ्री’ म्हणजे मोकळा. विलायतेंत कोणत्याही बाजूनें सारखा घडवितां येणारा बारीक कणांचा दगड असे, त्यास ‘फ्रीस्टोन’ म्हणत. असा दगड घडविणारा तो फ्रीमेसन, अशी या शब्दाची एक उपपत्ति अभ्यासक देतात. तिकडे मोठमोठीं चर्चें व किल्ले बांधावयास वर्षानुवर्षें लागत. बांधकामाच्या जागीं पाथरवट एक खोपट घालीत. त्या खोपटास ‘लॉज’ म्हणत. हत्यारें तेथें, भाकरी तेथें, दुपारचा विसांवा तेथें आणि नव्या पोराची शिकवणीही तेथेंच. लॉज म्हणजे दगडाची टाकी ज्याच्या हातांत आहे त्याची शाळा होती.

स्कॉटलंडांत राजाच्या बांधकामांचा मुख्य अधिकारी विल्यम शॉ यानें 1598 व 1599 सालीं या कारागिरांसाठीं नियम लिहून काढले. उमेदवार सात वर्षांहून कमी मुदतीनें ठेवूं नये, असा त्यांत एक नियम आहे. कारागिराच्या स्मरणशक्तीची व कसबाची परीक्षा घ्यावी, असेंही 1599 च्या नियमांत आहे. एडिंबरोच्या लॉजचें दप्तर 1599 पासून लिहिलेलें आजही जपून ठेविलें आहे. ज्या काळीं कष्टकऱ्याच्या पोरास कोणी पाटीला हात लावूं देत नव्हतें, त्या काळीं हातकामाचा धंदा हीच त्याची विद्या होती, आणि ती उस्तादाकडून उमेदवारास नियमानें दिली जात होती.

आतां गुप्त खुणेचें म्हणतां, तर तिचें मूळही पोटापाण्याचें आहे. पाथरवट आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं. परक्या गांवीं कामावर गेलेला माणूस खरोखर शिकलेला आहे कीं नुसता हातोडा घेऊन आलेला आहे, हें मुकादमानें कसें ओळखावें? लिहितां वाचतां येणारे थोडे. म्हणून शिकलेल्या कारागिरास एक शब्द आणि हात मिळविण्याची एक रीत सांगून ठेवीत. तो शब्द म्हणजेच त्याचा दाखला. आज आयटीआयचें प्रमाणपत्र दाखवितात, त्या जागीं तेव्हां खूण होती.

पुढें सतराव्या शतकांत या लॉजांत शेलक्या दगडाऐवजीं शेलके लोक येऊं लागले. जमीनदार, वैद्य, पाद्री, सरदार यांस या रीतींची गोडी लागली. लंडनमधील चार लॉजांनीं 24 जून 1717 रोजीं एका खाणावळींत जमून ग्रँड लॉज स्थापन केली, असें परंपरेनें सांगतात. तिचे नियम 1723 सालीं छापले गेले. तेव्हांपासून दगड गेला आणि दृष्टांत राहिला. ओळंबा म्हणजे सरळ वागणूक, पाणसळ म्हणजे समता, गुण्या म्हणजे सचोटी, कंपास म्हणजे मनाला आवर. पायऱ्या तीन: उमेदवार, कारागीर आणि उस्ताद. पहिल्या पायरीवर दोन धोंडे पुढें ठेवितात, एक अनघड आणि एक घडीव. अनघड धोंडा म्हणजे विद्येवांचून राहिलेला माणूस आणि घडीव म्हणजे शिकून सुधारलेला. दुसऱ्या पायरीवर व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिति, संगीत आणि ज्योतिष या सात विद्यांचा अभ्यास करावा, असें सांगतात. इतका हा सारा खटाटोप. यांत सैतान कोठें दिसतो?

तो सैतान कोठून आला, तें ऐका. फ्रान्समध्यें लिओ टॅक्सिल नांवाचा एक लेखक होता. त्यानें 1885 पासून बारा वर्षें फ्रीमेसन लोक सैतानाची पूजा करितात अशीं पुस्तकें लिहून हजारों लोकांस खरें वाटावयास लाविलें. शेवटीं 19 एप्रिल 1897 रोजीं पॅरिसमध्यें भर सभेंत उभें राहून त्यानें स्वतःच सांगितलें कीं, हें सारें थोतांड मीं रचिलें. सव्वाशें वर्षांपूर्वीं रचणाऱ्यानेंच मोडून टाकिलेलें तें थोतांड आज आमच्या पोरांच्या मोबाईलवर नवें कोरें म्हणून फिरत आहे. वस्तुतः नेहमींच्या लॉजमध्यें येणारानें ईश्वर आहे एवढें मानावें, आपापल्या धर्मग्रंथावर शपथ घ्यावी आणि लॉजमध्यें धर्माचा व राजकारणाचा वाद घालूं नये, असे नियम आहेत. गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ज्याचा जो ग्रंथ तो त्यास. तो धर्म नव्हे आणि अधर्मही नव्हे. तो एक मेळा आहे.

दुसरी हूल अशी कीं, हे लोक गुप्तपणें जगावर राज्य करितात. ‘इल्युमिनाटी’ हें नांव पोरें घेतात. ती मंडळी बव्हेरियांत अॅडम वाइसहाउप्ट नांवाच्या प्राध्यापकानें 1776 सालीं काढिली आणि तेथल्या सरकारनें 1784 व 1785 मधील हुकुमांनीं ती बंद पाडिली. दहा वर्षेंही ती धडपणें चालली नाहीं. पुढें रशियांत ज्यू व फ्रीमेसन यांचा जगाविरुद्ध कट असल्याचा एक बनावट दस्तऐवज 1903 सालीं छापला गेला. लंडनच्या टाइम्स पत्रानें 1921 सालीं तो दुसऱ्या एका पुस्तकावरून चोरून केल्याचें उघडकीस आणलें. तरी जर्मनींत हिटलरनें त्याच अफवेचा डंका वाजविला, 1935 पर्यंत तेथल्या लॉज बंद पाडिल्या आणि पुढें लाखों निरपराध ज्यूंची कत्तल केली. अफवेची गोळी कोण उडवितो आणि ती कोणास लागते, याचा यावरून विचार करा. पेटी परत गेली त्या दिवशीं ती गोळी एका गवंड्याच्या पोरीस लागली.

तिसरा गैरसमज खुद्द फ्रीमेसनांचा. आपली मंडळी सॉलोमन राजाच्या देवळापासून चालत आली, असें त्यांच्यांतले कित्येक अभिमानानें सांगत आले. सॉलोमनच्या मुख्य कारागिराची कथा त्यांच्या विधींत नाटकासारखी केली जाते. परंतु कागदपत्रें इतकीं मागें जात नाहींत. आमच्याकडे कित्येक घराणीं आपली वंशावळ सूर्यचंद्रापर्यंत नेऊन भिडवितात, त्यांतलाच हा प्रकार. कोणाचें सांगणें जुनें आहे एवढ्यानें तें खरें ठरत नाहीं.

कोणी विचारील, खोटें नाहीं तर लपवितात कां? बंधूंनो, लपविण्यासारखें फारसें उरलेंच नाहीं. सॅम्युअल प्रिचर्ड नांवाच्या गृहस्थानें 1730 सालींच लंडनमध्यें त्यांचे सारे विधी छापून चव्हाट्यावर मांडिले. शिवाय गुप्तता म्हणजे पापच, असें कृष्णा-वारणेच्या कांठच्या माणसानें तरी म्हणूं नये. 1942 पासून 1946 पर्यंत याच मुलुखांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचीं माणसें घराघरांत लपविलीं गेलीं, आणि तीं लपविणाऱ्या आमच्या आयाआज्या कांहीं पापिणी नव्हत्या. गुप्तता कशासाठीं आणि तिचा भार कोणावर, हें पाहावें लागतें.

येथवर आम्ही फ्रीमेसनांवरील खोटा आळ दूर केला. आतां खरा आळ सांगतों, कारण निम्मी बाजू सांगणारा वक्ता हा अफवेचाच भाऊ होय.

समता म्हणून पाणसळ मिरविणाऱ्या या मंडळीनें आपलें दार कोणास उघडिलें? कलकत्त्यास 1730 च्या सुमारास पहिली लॉज निघाली, ती कंपनीच्या गोऱ्या लोकांची. मुंबईचे माणेकजी खरशेटजी या पारशी गृहस्थांनीं प्रवेश मागितला, तेव्हां तेथल्या गोऱ्या सभासदांनीं त्यांस आंत घेतलें नाहीं. माणेकजी हटले नाहींत. युरोपांत गेले आणि पॅरिसच्या एका लॉजमध्यें दीक्षा घेऊन परतले. मग डॉक्टर जेम्स बर्न्स या स्कॉटिश अधिकाऱ्यानें पुढाकार घेतला आणि 1843 च्या अखेरीस मुंबईंत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज एतद्देशीयांसाठीं उघडली. तरी बंगाल्यांत हिंदूस अनेक देव आहेत म्हणून घ्यावें कीं न घ्यावें, हा घोळ चालूच राहिला. प्रसन्नकुमार दत्त या कलकत्त्याच्या व्यापाऱ्यास कैक वर्षांच्या झगड्यानंतर 1872 सालीं प्रवेश मिळाला. म्हणजे घोषणा समतेची आणि दारावर पहारेकरी रंगाचा!

स्त्रियांस तर नेहमींच्या लॉजमध्यें आजही घेत नाहींत. फ्रान्समध्यें मारिया देरेम या बाईनें 1893 सालीं स्त्रीपुरुषांची एकत्र मंडळी काढिली, आणि तींत 1902 सालीं अॅनी बेझंट बाईंनीं प्रवेश घेतला; ती शाखा निराळी. हिंदुस्थानची स्वतःची ग्रँड लॉज झाली ती 24 नोव्हेंबर 1961 रोजीं. आतां आंत नाना धर्मांचे लोक एकत्र बसतात ही गोष्ट चांगली. परंतु प्रवेशास ओळख लागते, वर्गणी लागते आणि फुरसत लागते. ज्याच्या हत्यारांवरून हा सारा देखावा उभा राहिला, तो गवंडी त्या दारांतून सभासद म्हणून किती वेळां आंत गेला? बहुधा दाराची भिंत बांधावयासच गेला असेल.

आतां विद्येचें म्हणाल, तर या मंडळींतील कित्येकांनीं त्या कामीं हात लाविला हें कबूल केलें पाहिजे. ग्रँड लॉजचे तिसरे मुख्य जॉन देसागुलिए हे न्यूटनच्या परिवारांतले शास्त्रज्ञ. ते यंत्रें मांडून लोकांपुढें शास्त्राचीं व्याख्यानें देत. लंडनांत 1788 सालीं फ्रीमेसनांनीं आपल्या निराधार मुलींसाठीं व 1798 सालीं मुलांसाठीं शिक्षणाची सोय केली. मुंबईंत वर सांगितलेल्या माणेकजी खरशेटजींनीं 1863 सालीं मुलींसाठीं अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा उघडली. ती शाळा फ्रीमेसनांची नव्हे, ती त्यांची स्वतःची धडपड. एकामुळें दुसरें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एका दारावर ज्यास थांबविलें होतें, त्यानेंच मुलींसाठीं दुसरें दार उघडलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

यापेक्षां मोठें दार मात्र पुण्यास उघडलें, आणि तें उघडणारा कोणत्याही लॉजचा उस्ताद नव्हता. जोतीराव फुले हे स्वतः बांधकामाचे ठेके घेणारे. दगड, चुना आणि मजूर यांच्याशीं त्यांचा रोजचा संबंध. त्यांनीं 1848 सालीं मुलींची शाळा काढिली, सावित्रीबाईंनीं तींत शिकविलें. 1855 सालीं दिवसभर राबणाऱ्या कष्टकऱ्यांसाठीं त्यांनीं रात्रीची शाळा चालविली. त्या काळीं काय अफवा होत्या ठाऊक आहे ना? मुलगी शिकली तर तिचीं अक्षरें किडे होऊन नवऱ्याच्या ताटांत पडतील! आज त्या कंपासाच्या खुणेस भिणारी आई आणि तेव्हां अक्षरास भिणारी आई, दोघी एकाच अफवेच्या लेकी. 24 सप्टेंबर 1873 रोजीं सत्यशोधक समाज निघाला, त्यास शब्द नव्हता, खूण नव्हती, पडदा नव्हता. जें बोलावयाचें तें चव्हाट्यावर. 1882 सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं मागितलें कीं, बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, आणि त्यांत हिशोबाबरोबर शेतीचें ज्ञानही द्या. शाहू छत्रपतींनीं 1917 सालीं कोल्हापूर संस्थानांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला.

आणि आपल्या तालुक्याचें सांगावयाचें तर दूर जाण्याचें कारण नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांचें घर ऐतवडे बुद्रुकचें. 4 ऑक्टोबर 1919 रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील कालें येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढिली. आपल्या नेर्ल्यासही वसतिगृह चालविलें. 1924 सालीं साताऱ्यास बोर्डिंग उघडलें. तेथें मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुलें एका पंक्तीस जेवलीं आणि एका चुलीवर रांधून खाऊं लागलीं. पोरांस उपाशीं झोपूं द्यावयाचें नाहीं म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धां मोडलें. अहो, लॉजमध्यें समता शिकविण्यास पाणसळ पुढें ठेवितात. या माउलीनें ती ताटांत वाढून दाखविली. हा आमच्या मुलुखाचा घडीव दगड.

आतां या साऱ्याचा उपयोग काय, तें सांगून आम्ही संपवितों. फ्रीमेसन लोक आपल्या माजी उस्तादास एक पदक देतात. त्यावर युक्लिडच्या पहिल्या पुस्तकांतील 47 वा सिद्धांत कोरलेला असतो. फार मोठें गूढ म्हणून लोक त्याकडे पाहतात. तें गूढ काय आहे? या सभेंत बसलेल्या प्रत्येक गवंड्यास तें पाठ आहे! पाया आंखतांना कोपरा काटकोनांत आहे कीं नाहीं हें तुम्ही कसें पाहतां? एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजतां आणि तिरकी दोरी पांच फूट भरली तर कोपरा बरोबर म्हणतां. तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, नऊ आणि सोळा पंचवीस, आणि पांच पंचे पंचवीस. हाच तो सिद्धांत. शाळेच्या भूमितीच्या पुस्तकांत त्यास पायथागोरसचा सिद्धांत म्हणतात. जें साहेबाच्या गळ्यांत पदक म्हणून लटकतें, तें तुमच्या दोरीच्या गांठींत रोज आहे, आणि झेडपीच्या शाळेच्या फळ्यावर उघड्यावर लिहिलेलें आहे.

मग आपलें दैन्य कशांत? दैन्य यांत कीं, गवंड्यास दोरी येते पण तिचें कारण येत नाहीं, आणि शाळेंतल्या पोरास कारण येतें पण दोरी येत नाहीं. बापाची विद्या आणि पोराची विद्या यांची गांठ घालून देणारा कोणी नाहीं. ज्या वडार समाजानें धोंडे फोडून रस्ते, विहिरी आणि धरणें उभीं केलीं, तो महाराष्ट्रांत विमुक्त जातींच्या यादींत आहे. म्हणजे 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यापासून परक्या सरकारनें ज्यांच्या कपाळीं शिक्के मारिले आणि 1952 सालीं तो कायदा रद्द झाल्यावर ज्यांचे शिक्के पुसले, त्यांच्यापैकीं. जगभरचे थोर लोक पाथरवटाचीं हत्यारें मानचिन्ह म्हणून छातीवर लावितात, आणि आपल्याकडे तीं हत्यारें खरोखर चालविणाऱ्याची पोर चौथींत शाळा सोडते! फ्रीमेसनचें गूढ उकलूं म्हणणाऱ्या तरुणांनीं आधीं हें गूढ उकलावें.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, मोबाईलवर जें भेसूर म्हणून येतें त्यास तीन प्रश्न विचारा: हें कोणीं सांगितलें, केव्हां सांगितलें, आणि ऐकून कोणाचें नुकसान होतें? दुसरी, कोणाचीही मदत घेतांना खूण पाहूं नका, अट पाहा. देणारा कोण, बदल्यांत काय मागतो, हिशोब उघडा आहे का, हें विचारण्याचा आपणांस हक्क आहे. अट नसेल तर वही ही वही आहे. तिच्यावर गुण्या छापला काय आणि कमळाचें फूल छापलें काय, आंत अक्षर आपल्या पोरीचेंच उमटणार. अट असेल तर मात्र सोन्याची पेटीही परत करा. तिसरी, आणि हीच मुख्य: दुसऱ्याच्या पेटीची वाट पाहण्याची पाळीच कां यावी? 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा कायद्यानें हक्क आहे. तो बजावून घ्या. आणि त्याच्या पुढच्या इयत्तांसाठीं गल्लीगल्लींत मूठमूठ जमवून आपली पेटी आपण उभी करा.

त्या गवंड्याच्या घरीं आम्ही दुसऱ्यांदां गेलों तेव्हां बापाकडून खुंटीवरचा गुण्या मागून घेतला आणि मुलीच्या कंपासपेटींतल्या गुण्याशेजारीं ठेविला. म्हटलें, बाई, मोठा कोणता आणि धाकटा कोणता तेवढें सांगा, भूत कोणतें तें मग पाहूं. आई हंसली. दुसऱ्या दिवशीं मुलगी शाळेंत गेली. पेटी परत आणावयाची कीं नाहीं याचा निर्णय त्या घरानें घ्यावयाचा आहे. तो आमचा नव्हे. पण वह्यांसाठीं आज या सभेंत आम्ही हा रुमाल पसरीत आहों. ज्याच्या खिशांत जें असेल तें त्यांत पडूं द्या, आणि किती जमलें तें येथेंच, सर्वांसमक्ष, मोठ्यानें मोजूं.